पहिल्या बाकाचा वेढा

आकाशींचा बाप, त्याचा एकुलता पुत्र आणि पवित्र आत्मा यांस माथा नमवून, आणि शाळेची पाठराखीण संत आन्ना माउली इची परवानगी घेऊन, घडलें तैसें लिहिलें असे. ज्यास तिखटमीठ लावून वाचणें असेल त्यानें आपले पदरचें लावावें. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ज्येष्ठ मास. ज्या ज्योतिष्यानें संवत्सरास हें नांव ठेविलें तो शाळा उघडण्याचे दिवशीं पहिलीच्या वर्गाचे दारांत उभा राहून गेला असावा. खाडीच्या अलीकडे, केळीच्या बागांच्या पलीकडे, देवळाच्या सावलींत एक राज्य होतें, त्यास लोक मराठी प्राथमिक शाळा म्हणत. गादीवर हेडमिस्ट्रेस सिस्टर लिओनिदा होत्या, आणि राज्यांतील सर्वांत कठीण ठाणें जें पहिली इयत्ता, तें ओलिंडाबाई तुस्कानो यांचे हवालीं होतें. बाई प्रौढ, आवाजानें खणखणीत, पोरांवर जीव टाकणाऱ्या, आणि पोरांच्या आयांपुढें हात टेकलेल्या. कारण त्या राज्यांत ऐसी वहिवाट पडली होती, कीं पहिले दिवशीं फादर येऊन वर्गास आशीर्वाद देत, फळ्याजवळ उभे राहून पवित्र पाणी शिंपडीत, आणि पहिला शिंतोडा ज्या पोरावर पडेल तें चौथीस स्कॉलरशिप मिळवितें ऐसें कोणे एके आजीनें ठरविलें होतें. मग काय पुसतां. त्या दिवशीं जो जेथें बसला तो वर्षभर तेथेंच बसे, म्हणून पहिल्या बाकासाठीं आया उजाडतां येऊन दप्तरें मांडीत, आणि मागले सालीं त्या रेटारेटींत एका बाकाचा पाय मोडला, आणि दोन जावा अद्यापि एकमेकींशीं बोलत नाहींत.

आतां या सालीं बाईंस निराळाच घोर होता. मे महिन्यांत सेलेस्तीन रुमाव नांवाची एक बाई, परगण्यांत नवीन राहावयास आलेली, आपला मुलगा जेरोम यास घेऊन बाईंचे घरीं आली होती आणि म्हणाली होती, "बाई, ह्याचा उजवा कान जन्मापासून बंद आहे. डाव्यानं ऐकतो, पण बोलणारं माणूस जवळ पाहिजे. तिकडच्या बालवाडीत मागं बसवला आणि वर्षभर मठ्ठ म्हणाले. पुढं बसवा, दुसरं काही मागत नाही." बाईंनीं पोराकडे पाहिलें, पोर बाईंच्या ओठांकडे पाहत होतें, आणि बाई बोलून गेल्या, "पुढंच बसेल. माझा शब्द." शब्द देणें सोपें असतें. मग शाळेचा दिवस उजाडला, आणि बाई आपली काळी छत्री घेऊन, ती पहिल्या बाकावर आडवी टाकून एक जागा राखावी या मसलतीनें वेळेआधीं वर्गांत शिरल्या, तों दप्तरें मांडलेलीं, त्यांतलीं कांहीं ओढणीनें बाकास बांधलेलीं, आणि व्हरांड्यांत खिडकीगणिक आया मोर्चे धरून उभ्या. बाईंनीं दोन दप्तरें सरकवून छत्री ठेविली आणि पाठ वळविली, इतक्यांत आयांतल्या हिल्डा मच्याडो हिनें ती उचलून खुंटीस लाविली आणि गोड सांगितलें, "बाई, छत्री पडली असती, म्हणून वर टांगली." बाई म्हणाल्या, "हिल्डा, तिथं एका मुलाला बसवायचं आहे, त्याला ऐकू कमी येतं." हिल्डा म्हणाली, "मग दुसऱ्या कोणाला उठवा की. ह्या बाकावर माझ्या सासऱ्यांचं नाव आहे." आणि खरेंच होतें, बाकाच्या कडेस पांढऱ्या रंगानें 'कै. इनास मच्याडो यांच्या स्मरणार्थ' ऐसें लिहिलेलें होतें. बाईंनीं कपाळास हात लाविला. ही हिल्डा याच वर्गांत त्यांच्याच हाताखालीं अ आ शिकलेली. बाई म्हणाल्या, "तू कुठं बसायचीस, आठवतंय का?" हिल्डा म्हणाली, "शेवटच्या बाकावर. फळा दिसायचा नाही, आणि तुम्ही विचारायच्याही नाहीत. म्हणून तर आज पहाटे उठून आले."

मग बाई रागें रागें सिस्टरांकडे गेल्या, तों सिस्टर माइकशीं झगडत होत्या, माइक कधीं शिट्टी वाजवी, कधीं मुका होई, आणि सिस्टर "हॅलो, हॅलो" म्हणतां म्हणतांच बोलल्या, "बाई, मच्याडो देणगीदार आहेत, जरा सांभाळून घ्या." बाई मनांत म्हणाल्या, सर्वांनीं सर्वांस सांभाळून घ्यावें आणि बहिऱ्या पोरानें सांभाळून ऐकावें, हा न्याय बरा आहे. आणि आठ वाजतां सेलेस्तीन आली. शाळा आठाची म्हणून ती आठालाच आली, हाच तिचा अपराध. आणि जेरोमास उरलेली एकच जागा मिळाली, ती शेवटच्या बाकावर, दाराच्या बाजूचें टोक, चांगला कान व्हरांड्यांतल्या कलकलाटाकडे आणि बंद कान बाईंकडे. सेलेस्तीननें दिल्या शब्दाची आठवण द्यावी तैसें दारांतून बाईंकडे पाहिलें. बाईंनीं दोनदां "जेरोम" म्हणून हाक मारिली. पोर दाराकडे पाहत राहिलें. तेव्हां खिडकींतून कोणीशी म्हणाली, "स्वतःचं नावसुद्धा येत नाही वाटतं ह्याला." सेलेस्तीननें मान खालीं घातली, आणि बाईंचें पित्त खवळलें. पलीकडच्या वर्गांतून फादर बर्थोल यांचा प्रार्थनेचा आवाज येऊं लागला, म्हणजे फादर आतां एका भिंतीच्या अंतरावर होते. बाईंनीं पदर खोंचला, आणि लाकडी घोडीवरचा तो फळा घोडीसकट दोहों हातांनीं धरिला, आणि बाकांच्या मधल्या वाटेनें खरडत, डस्टर पाडीत, खडू तुडवीत, थेट मागल्या भिंतीस नेऊन टेकविला, आणि दम खात म्हणाल्या, "मुलांनो, फिरा." बाकांस पाठ नव्हती, पुढें मेजें नव्हतीं, पोरांनीं पाय उचलले, पलीकडे टाकिले, आणि सारा वर्ग फिरला. व्हरांड्यांत एकच गलका जाहला. हिल्डा दारांत येऊन म्हणाली, "बाई, हे काय चाललंय? फळा नेहमी तिकडं असतो." बाई म्हणाल्या, "असतो ना. पण फळ्यावर कोणाच्या सासऱ्यांचं नाव नाही. कुठंही ठेवीन."

मग आयांनीं दप्तरें उचलून पोरें उलट्या टोकास न्यावीं ऐसा बेत केला, परंतु इतक्यांत फादर बर्थोल पाण्याचें भांडें घेऊन आंत आले आणि सवयीनें क्रूसाची खूण करून प्रार्थना सुरू केली. आणि प्रार्थना चालतां कोणीं जागचें हलूं नये हा त्या राज्यांतील सर्वांत जुना कायदा, तो मोडण्याची छाती हिल्डाचीही नव्हती. आया हात जोडून आणि दांत दाबून उभ्या राहिल्या. फादर फळ्याजवळ गेले, तो पूर्वीच्या जागीं नाहीं हें पाहून क्षणभर थबकले, मग बाईंचा घामेजलेला चेहरा पाहून समजावयाचें तें समजले, आणि पहिलें पाणी समोरच्या बाकावर शिंपडलें, तें जेरोमच्या नाकावर पडलें आणि तो खुदकन हसला. जातां जातां फादर हळूच म्हणाले, "बाई, शेवटल्यांना पुढं बसवा म्हणून मी सकाळच्या मिस्सेच्या प्रवचनात अर्धा तास बोललो. निम्मे लोक झोपले होते." बाई म्हणाल्या, "मीही फळा उचलेपर्यंत झोपलेच होते, फादर." आणि हिल्डाचा मुलगा, ज्याच्यासाठीं एवढें रण माजलें, तो आतां सर्वांत मागें बसून आईकडे न पाहतां पेरू खात होता.

मग बाईंनीं हजेरी घेतली. जेरोमचा बंद कान आतां दाराकडे होता आणि चांगला कान फळ्याकडे; बाई दोन पावलें पुढें झाल्या आणि अगदीं साध्या आवाजांत म्हणाल्या, "जेरोम रुमाव." पोरानें मान वर केली आणि "हजर, बाई" ऐसें इतक्या मोठ्यानें सांगितलें कीं सिस्टरांचा माइक त्यापुढें फिका पडला, आणि दाराबाहेर सेलेस्तीन ओढणींत तोंड लपवून रडली. मग बाईंची नजर मागें, इनास मच्याडोंच्या बाकाकडे गेली, आणि त्या स्वतःशींच पुटपुटल्या, "आता तिथंही जाऊन विचारलं पाहिजे," आणि पेरू खाणाऱ्या पोरापाशीं जाऊन उभ्या राहिल्या.

सारांश, या सालीं राज्यारोहण बाक न मोडतां पार पडलें. दुसरे दिवशीं, जागेची वहिवाट मोडलीच म्हणून, आयांनीं सल्लामसलत करून निम्मीं दप्तरें एका टोकास आणि निम्मीं दुसऱ्या टोकास मांडिलीं, न जाणो बाई पुन्हां फिरतील म्हणून, परंतु जेरोमच्या जागीं कोणीं दप्तर ठेविलें नाहीं. तेथें बाईंची काळी छत्री आडवी होती, आणि ती तेथें ठेविली हिल्डानें, ऐसें शाळेचा शिपाई सांगतो.