पत्राचे सहा तुकडे

क्लिफर्ड स्टॅनिफोर्थचं म्हणणं साधं आहे. त्याला कापायला सांगितलं होतं, त्याने कापलं. यात त्याचा गुन्हा काय, हे सत्तर वर्षांत एकालाही सांगता आलेलं नाही. तरी त्याची थोरली बहीण मॉरीन दर नाताळला, पुडिंग संपलं की, पाहुण्यांसमोर तेच उकरून काढते. "आमच्या क्लिफने घराचं पत्र संडासात घातलं होतं, माहीत आहे का?" पाहुणे हसतात. क्लिफर्ड हसत नाही. तो उठून खिडकीपाशी जातो आणि बाहेर कोणी नसताना बाहेर बघत राहतो.

खरं म्हणजे सुरुवात त्याच्या बापाने केली.

साल एकोणपन्नास. लढाई संपून चार वर्षं झाली होती, पण शेफील्डमध्ये ती संपल्यासारखी फारशी दिसत नव्हती. साखर मोजून, कोळसा मोजून, आणि पेपरही इतका रोड की दारातून वाऱ्याने आत यावा. मागच्या आवारात दोन घरांत मिळून एक संडास होता. एक घर स्टॅनिफोर्थांचं, दुसरं हॅटर्सलीबाईंचं. खिळ्याला दोरी, दोरीत ओवलेले जुन्या पेपरचे चौकोन. एक आठवडा कागद यांचा, एक आठवडा त्यांचा. सगळ्या गल्लीत हीच रीत होती.

पण हॅटर्सलीबाई आपल्या आठवड्यात पेपर लावत नसत. फुलझाडांच्या बियाण्यांचं एक जुनं जाहिरातीचं पुस्तक होतं, त्याची पानं लावत. पानं जाड, रंगीत आणि गुळगुळीत. गुळगुळीत कागदात वाईट काय असतं, ते क्लिफर्ड सांगणार नाही. तो सभ्य माणूस आहे.

बापाचं नाव एनॉक. तो कारखान्यात सुऱ्यांना धार लावायचा आणि घरी आल्यावरही त्याची धार उतरत नसे. एका शुक्रवारी तो संडासातून आला तो तावातावानेच.

"हिल्डा! आपल्या आठवड्यात ती बाई आपला चांगला पेपर वापरते, आणि तिच्या आठवड्यात आपल्या नशिबी डेलियाची फुलं! बस झालं. आजपासून आपली दोरी आपल्या घरात. जाताना न्यायची, येताना आणायची."

"अहो, दोरी हातात धरून आवार ओलांडायचं? लोकांना कळेल ना कुठे चाललोय ते."

"मग आत्तापर्यंत लोकांना काय वाटत होतं, आपण चर्चला जातोय?"

तेव्हापासून दोरी स्वयंपाकघरात, चुलीशेजारी टांगली गेली. आणि कागदाचं काम एकट्या क्लिफर्डच्या गळ्यात पडलं. दर शनिवारी सकाळी पेपरची घडी घालायची, पावाच्या सुरीने घडीवर कापायचं, दाभणाने भोक पाडायचं, ओवायचं. पहिल्याच शनिवारी तो एका चौकोनावरची फुटबॉलची बातमी वाचत बसला होता. बापाने मागून येऊन कानाखाली एक दिली.

"तुला कापायला बसवलंय. वाचायला नाही. कळलं?"

क्लिफर्डला कळलं. चांगलं कळलं. तो हे वाक्य आजही शब्दन् शब्द म्हणून दाखवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

त्यानंतरच्या गुरुवारी घरवाटपाच्या ऑफिसचं पत्र आलं. चार वर्षं वाट पाहिली होती त्या पत्राची. शहराबाहेर टेकडीवर नवीन घर. आत संडास, आत न्हाणी, नळाला गरम पाणी, आणि झोपायच्या खोल्या तीन! एक आईबाबांची. एक मॉरीनची. आणि एक क्लिफर्डची, कारण क्लिफर्ड दहा वर्षांचा झाला होता, आणि दहाच्या पुढे मुलगा आणि मुलगी एका खोलीत ठेवायची नाहीत असा ऑफिसचा नियम होता. मंगळवारी सकाळी दहा वाजता पत्र घेऊन हजर व्हायचं. पत्राशिवाय येऊ नये, असं खाली छापलेलं होतं.

क्लिफर्डला घराचं काही नव्हतं. न्हाणीचं तर मुळीच नव्हतं. त्याला खोली हवी होती. तो माळ्यावर मॉरीनबरोबर झोपायचा, मध्ये एक घोंगडी लटकवून. मॉरीन झोपेत पाढे म्हणायची, आणि तेही चुकीचे. जागेपणी माणूस दुरुस्त करू शकतो. झोपलेल्याला काय सांगणार? क्लिफर्डने शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं, खाट कुठे ठेवणार, कडी कुठे लावणार, आणि मॉरीनने दार वाजवलं तर किती वेळ उघडणार नाही.

प्रत्येक घरात पत्र ठेवायची जागा एकच, चुलीवरच्या फळीवर घड्याळामागे. पण हॅटर्सलीबाईंचंही नाव घराच्या यादीत होतं, आणि चिमूटभर साखर मागायला आल्या की त्यांची नजर आधी घड्याळामागे जायची. म्हणून एनॉकने पत्र तिथून काढलं, कालच्या पेपरात घातलं आणि पेपर आपल्या खुर्चीच्या उशीखाली दाबला. आणि ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. (क्लिफर्ड इथे थांबतो. कोणालाही नाही, असं पुन्हा म्हणतो. मग पुढे जातो.)

शनिवारी आईने खोली झाडली, उशीखालचा पेपर काढला, बाकीच्या पेपरांवर ठेवला आणि गठ्ठा क्लिफर्डपुढे ठेवला. त्याने डोळे जवळजवळ मिटून घडी घातली, कापलं, भोक पाडलं, ओवलं. अर्ध्या तासात काम संपवलं. एक अक्षर वाचलं नाही. आईने त्याला शाबासकीही दिली.

सोमवारी संध्याकाळी चहाच्या वेळी बापाने उशीखाली हात घातला. मग दोन्ही हात घातले. मग उशी जमिनीवर फेकली.

"हिल्डा, इथला पेपर कुठाय?"

आईने दोरीकडे पाहिलं. बापाने दोरीकडे पाहिलं. मग दोघांनी क्लिफर्डकडे पाहिलं.

"एक कागद जरा जाड लागला होता," क्लिफर्ड म्हणाला.

"मग थांबला का नाहीस, गाढवा?"

"तुम्हीच म्हणालात वाचू नको."

"वाचू नको म्हणालो! डोकं वापरू नको म्हणालो नव्हतो!"

"पण बाबा, ते वाचायचं आहे हे न वाचता कसं कळणार?"

या प्रश्नाचं उत्तर क्लिफर्डला तोंडाने मिळालं नाही. कान रात्रीपर्यंत गरम होता.

दोरी सोडून सगळे चौकोन टेबलावर मांडले. पत्राचे सहा तुकडे झाले होते. चार सापडले. दोन नव्हते. मग बापाने चौकशी सुरू केली. शनिवारपासून कोण किती वेळा गेलं? मॉरीन म्हणाली, हा काय प्रश्न आहे, आणि रडायला लागली. क्लिफर्डने खरा आकडा सांगितला. बापाने स्वतःचा सांगितला नाही. आई मात्र जमिनीकडे बघत होती.

"मी काल मूठभर हॅटर्सलीबाईंना दिले," ती म्हणाली. "त्यांचं पुस्तक संपलं हो. पाय दुखतात त्यांचे. म्हातारी बाई, कुठे पेपर शोधत फिरणार?"

"माझ्या दोरीतले?"

"माणुसकी म्हणून."

एनॉकने टोपी घातली, क्लिफर्डची कॉलर धरली आणि शेजारचं दार वाजवलं. दोरी घरात नेल्यापासून तो त्या दाराशी गेला नव्हता.

"काय रे, एनॉक?" हॅटर्सलीबाई म्हणाल्या.

"कागद हवाय."

"कसला?"

"आमच्या हिने काल तुम्हाला दिला तो."

"वापरलेला की कोरा?"

एनॉकच्या मानेपर्यंत लाली चढली. "ऑफिसचं पत्र होतं बाई त्यात. जाड. दोन तुकडे."

"हां, जाड! एक आहे. मागून कोरा होता, म्हटलं, बहिणीला चार ओळी लिहू." त्या आत गेल्या, घेऊन आल्या. पण हातात दिला नाही. "दोरी परत खिळ्याला लागणार ना?"

"लागेल."

"दोघांची?"

"दोघांची. दुसरा तुकडा?"

हॅटर्सलीबाईंनी हातातला तुकडा त्याला दिला. "दुसरा काल," त्या म्हणाल्या. "चर्चहून आल्यावर."

एनॉकने टोपी काढली. रस्त्यातून प्रेत जाताना काढतात तशी.

आईने पिठाची खळ केली आणि बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पाच तुकडे चिकटवले. प्रत्येकाला दाभणाचं भोक होतंच. मंगळवारी बापाने कामावर दांडी मारली. आई निघालीच होती; क्लिफर्डची शाळा बुडवून त्यालाही नेलं, कशासाठी ते सांगितलं नाही.

ऑफिसात लंब नावाचे एक कारकून होते. त्यांनी पुठ्ठा उजेडात धरला. एका भोकावर बोट ठेवून एनॉककडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"पत्र."

"सहावा भाग?"

"नाही," एनॉक म्हणाला. त्याची मान ताठ होती. संडास हा शब्द तो सरकारी माणसासमोर मेला तरी काढणार नव्हता.

लंबसाहेबांनी एक छापील कागद ओढला. "पत्र खराब झाल्यास कारण लिहावं लागतं. चारच कारणं चालतात. आग. पाणी. उंदीर. पाच वर्षांखालचं मूल. आगीला बंबवाल्यांचा दाखला लागेल, पाण्याला नळवाल्याचा, उंदरांना उंदीर मारणाऱ्याचा."

"आणि मुलाला?"

"मुलाला दाखला लागत नाही."

एनॉक हळूच वळला आणि क्लिफर्डकडे बघायला लागला.

"मूल," तो म्हणाला.

"वय?"

"चार."

लंबसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. क्लिफर्डचे गुडघे टेबलाच्या कडेला लागत होते. "उंच आहे."

"आईवर गेलाय." आई पाच फूटही नव्हती.

"आमच्या वहीत दहा लिहिलंय."

"तुमच्या माणसांना आकडे लिहिता येत नसतील तर त्याला मी काय करू?" एनॉक गरजला. "चार वर्षं झाली साहेब आम्ही थांबलोय! आणि वर चुका तुमच्या!"

क्लिफर्ड पुढे सरकला. "साहेब, मी दहा..."

"दहापर्यंत मोजतो हो आता!" आई कौतुकाने म्हणाली आणि त्याचा हात इतका दाबला की बोटं पांढरी पडली.

लंबसाहेबांनी वहीतला दहा खोडला. चार लिहिला. सही केली, शिक्का मारला. मग आतल्या खोलीत जाऊन दुसरीच वही घेऊन आले आणि पानं उलटायला लागले.

"स्टॅनिफोर्थ, तीन खोल्यांचं घर मुलगा दहाचा म्हणून होतं. चार वर्षांच्या मुलाला नियमाने वेगळी खोली नाही. दोन खोल्यांचं आहे एक, त्याच रस्त्यावर. मुलं एकत्र झोपतील. हा दहा वर्षांचा झाला की अर्ज करा. म्हणजे सहा वर्षांनी. चालेल?"

"आत संडास आहे?" आईने विचारलं.

"आहे."

"चालेल," बाप म्हणाला आणि सही केली. क्लिफर्डकडे पाहिलंदेखील नाही.

क्लिफर्ड ओरडणार होता. शपथेवर सांगतो, तोंड उघडलं होतं. सगळं सांगून टाकणार होता, दोरी, सुरी, उशी, हॅटर्सलीबाई, सगळं. तेवढ्यात लंबसाहेब टेबलावरून वाकले आणि खिशातून एक टॉफी काढून त्याच्यापुढे धरली. मिठाई नुकतीच पुन्हा रेशनवर गेली होती. क्लिफर्डने तीन आठवड्यांत टॉफी पाहिली नव्हती.

"हे बाळाला," लंबसाहेब म्हणाले. "काय म्हणायचं असतं?"

उघडलेल्या तोंडाने क्लिफर्डने ती घेतली आणि बोबडं बोलून साहेबांचे आभार मानले. बोबडं बोलायला त्याला कोणीच सांगितलं नव्हतं.