बेबाने उघडा टाकलेला वजीर

त्या रविवारी मी बेबाला हरवणार होते. 'जमलं तर बघू' वगैरे काही नाही. हरवणारच! धुळ्याला निघण्याआधीच मी सुनेला, कामिनीला, सांगून ठेवलं, "दिवाणखान्यातल्या कपाटाचा वरचा कप्पा रिकामा कर. संध्याकाळी आबांचा पट घरी येतोय."

"आई, आधी जिंकून तर या," असं म्हणत तिने भरताच्या डब्याचं झाकण असं दाबलं, की तिचा माझ्यावर किती विश्वास आहे ते मला समजलं.

आबा म्हणजे माझे वडील. धुळ्याच्या आमच्या गल्लीतल्या सुताराकडून त्यांनी बुद्धिबळाचे लाकडी मोहरे करून घेतले होते, लाल आणि हिरवे. त्यातला एक लाल हत्ती माझ्या धाकट्या भावाने आडात टाकला. तेव्हापासून दोऱ्याचं रिकामं रीळ हत्तीचं काम करतं, आणि खऱ्या हत्तीपेक्षा चांगलं करतं! आबांनी खेळ शिकवला दोघींना, मला आणि शेजारच्या बेबाला. नियम एकच घालून दिला : जी जिंकेल तिच्या घरी पट जाईल. बरोबरी झाली, तर पट जागचा हलायचा नाही.

मी लग्न होऊन जळगावला आले, बेबा धुळ्यातच राहिली. त्या काळात शेवटचा डाव ती जिंकली होती, म्हणून पट तिच्याकडे. पुढे लग्नाकार्याला गेले की मी एखादा डाव मांडायची. कधी हरायची, कधी बरोबरी करून यायची. दर वेळी वाटायचं, जाऊ दे, पुढच्या खेपेला! आबा गेले, आमचं ते घर गेलं, आड बुजला. माहेरचं म्हणावं असं एवढंच उरलं, आणि ते बेबाच्या फडताळात!

आता बेबाही निघाली होती. तिचा मुलगा प्रेमराज तिला कायमची सुरतेला नेणार होता. आमच्या गुडघ्यांना धुळंच परदेश वाटायला लागलंय, तिथे सुरतेची काय कथा! म्हणजे हा शेवटचाच डाव.

मी तयारी केली, ती कशी म्हणता! माझा मुलगा हितेंद्र याच्या फोनमधल्या बुद्धिबळाशी रोज खेळायला लागले. मग बेबाला ठणकावून सांगितलं, "या वेळी आबांचे जुने नियम नाहीत. आजचे नियम!"

आबांच्या नियमात प्यादं पलीकडच्या शेवटच्या घरात पोचलं, की ते घर ज्याचं, तेच व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. आजकाल कुठेही पोचा आणि सरळ वजीर मागा! केवढी ही चैन!

"तू म्हणशील तसं," बेबा म्हणाली.

बेबा? 'तू म्हणशील तसं'? मला तिथेच सावध व्हायला हवं होतं. मी झाले, पण भलत्याच बाजूला!

तिच्या घरात सगळीकडे खोकी. पंखासुद्धा उतरवलेला. दोन खोक्यांवर पट मांडला. हितेंद्र नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला डाव फोनवर चित्रित करत होता. मी हिरवे घेतले, बेबाने लाल.

थोडा वेळ गेला आणि बेबाने आपला वजीर माझ्या घोड्यापुढे आणून ठेवला. उघडा! राखायला कोणी नाही. ताटात वाढलेल्या जिलबीसारखा!

मी घेणार, एवढ्यात विचार केला. ही बेबा आहे. लहानपणी हिने मला कधी अर्धी चिंच फुकट दिली नाही, वजीर देईल?

"हेमे, तुना डाव शे," ती म्हणाली. पटावर बसलो की आम्ही दोघी मधूनच अहिराणीत येतो.

"माहीत शे माले."

"मग ली ले ना वं!"

घे म्हणतेय! म्हणजे सापळा नक्की! मी घोडा मागे नेला. बेबाने कपाळाला हात लावला. मला काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! फसली नाही म्हणून चडफडतेय!

मग तिने राजापुढची प्यादी अशी पुढे काढली, की राजा बिचारा दार-खिडक्या नसलेल्या घरात बसल्यासारखा. मी बघत होते कुठे? पटाकडे नाही, बेबाच्या तोंडाकडे! तिचे डोळे भरून आले होते. घाबरली, मी मनात म्हटलं. माझा वजीर मी आणखी एक घर मागे घेतला. सुरक्षितता महत्त्वाची!

असं करत वजिराला वजीर गेला, हत्तीला हत्ती गेला, रीळही गेलं. शेवटी बेबाचा राहिला नुसता राजा. माझा राजा, एक उंट आणि एक प्यादं. प्यादं शेवटच्या घराच्या उंबऱ्याशी!

हितेंद्रने फोन आणखी जवळ आणला. मी प्यादं पुढे सरकवलं, आणि आयुष्यभराच्या सवयीने हात आपोआप मारलेल्या मोहऱ्यांकडे गेला. घर उंटाचं होतं. मी थाटात उंट ठेवला!

"आई!" हितेंद्र ओरडला.

"मधे बोलू नको!"

"हेमे, उंट?" बेबा हळूच म्हणाली. "नक्की?"

"नक्की!"

आता माझ्याकडे दोन उंट, आणि दोघेही काळ्याच घरांतून चालणारे. बेबाचा राजा पांढऱ्या घरात उभा राहिला, की दोघे उंट त्याच्याकडे मामाच्या लग्नात न बोलावलेल्या पाहुण्यांसारखे बघत राहायचे. जन्मभर चालले असते तरी मात झाली नसती. बरोबरी! पट जागचा हलला नाही.

परत येताना वाटेत पारोळा मागे पडलं. मग मी म्हटलं, "बरोबरी काही वाईट नाही. केवढे सापळे टाकले होते तिने!"

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर हितेंद्रने चित्रीकरण बघून एकेक खेळी फोनमध्ये घातली. हल्ली फोन सांगतो म्हणे, कोण कुठे चुकलं. माझ्या खेळींवर एकामागून एक लाल खुणा उमटायला लागल्या. गोवराच्या अंगासारखा डाव दिसायला लागला!

"आई, इथे वजीर फुकट होता. सापळा नव्हता."

"असं कसं?"

"इथे एका खेळीत मात होती. तू वजीर मागे घेतलास."

"सुरक्षिततेसाठी!"

"आणि इथे उंटाऐवजी वजीर मागितला असतास, तर डाव तुझाच होता. पण गंमत वेगळीच आहे. बेबामावशी आधी एकही चूक करत नाही. मग एकदम एवढ्या मोठ्या चुका! आणि प्रत्येक वेळी तुझ्या तोंडाकडे बघतेय."

मी ते चित्रीकरण पुन्हा पाहिलं. वजीर ठेवल्यावर बेबाचं बोट किंचित माझ्या घोड्याकडे वळलं होतं. शाळेत उत्तर सुचवायची, तसंच!

मी फोन लावला. बेबा सुरतेच्या वाटेवर होती, मागे गाडीचा आवाज.

"बेबा, तू मुद्दाम हरत होतीस?"

"आत्ता कळलं का वं?"

"पट द्यायचा होता, तर सरळ द्यायचा!"

"जिंकल्याशिवाय तू घेतला असता?"

नसता घेतला. तिला चांगलं माहीत होतं.

"आबांचा पट तुझ्याकडे हवा, असं मला केव्हापासून वाटत होतं," ती म्हणाली. "पण तू अशी खेळतेस, की तुझ्याशी हरणं काही सोपं नाही, माय!"

"मग आता?"

"आता पट मांडीवर शे. सामानाच्या टेम्पोत टाकायचा धीर झाला नाही. तू सुरतेला ये. मी पुन्हा हरते. फक्त या वेळी जिंक!"



कामिनीने वरचा कप्पा अजून रिकामाच ठेवलाय. माझाही सराव चालू आहे. कोणी काही देत असेल, तर संशय न घेता घ्यायचं, ही सवय या वयात लावून घेतेय. काल हितेंद्रच्या फोनने वजीर असाच उघडा टाकला. हात जरा थबकला. "हेमलता, घे!" मी स्वतःला दटावलं, आणि घेतला.

सापळा होता! पुढच्याच खेळीत मात!

मी फोन रागाने पालथा घातला. मेल्याला माणुसकी म्हणून नाही! बेबा असं कधीच करत नाही.