गेनूभाऊंची काठी

"हलू नका राव, डिझेल सांडतंय!"

आमच्या कंपनीच्या बसमध्ये कुणी जागेवरून जरा सरकलं, की ड्रायव्हर गेनूभाऊ असे ओरडायचे. उतार लागला की इंजिन बंद. चाकणहून पिंपरीला कामावर निघालेले आम्ही सगळे मग श्वास रोखून बसायचो.

डिझेल महागलं आणि कंपनीने बचतीचे हुकूम काढायला सुरुवात केली, तेव्हापासून हे खूळ लागलं. प्रत्येक हुकूम गेनूभाऊ स्वतः पारखून घेत. फेरी संपली की टाकीत लांब काठी बुडवायची, ओली खूण बघायची आणि निकाल द्यायचा. टपावरचा कॅरियर काढला, काठी खूश. गाडी हळू चालवली, काठी खूश. आम्ही उशिरा पोचलो आणि पगार कापला गेला, ते वेगळं. "आमी कोण बोलणार? काठी बोलती!" भाऊ म्हणायचे.

चिंचवडच्या घरीही तेच. चहाला एक उकळी आली की स्टोव्ह बंद. शेवटी रखमावहिनी वैतागल्या. "करा त्या काठीबरोबरच संसार," म्हणाल्या आणि जुन्नरला माहेरी निघून गेल्या.

मग थांबे कमी करायचा हुकूम आला. भाऊंनी सपाटाच लावला. साहेबांचा थांबा गेला, माझाही गेला. मी रोज बांधाबांधाने तंगडतोड करत पुढचा थांबा गाठायचो. राहिला फक्त चिंचवडकडे वळायचा फाटा. तिथे कुणीच चढत नसे, तरी बस थांबायची, आणि तीही इंजिन चालू ठेवून! गाडीत कुरकुर सुरू झाली. साहेबांनीही बजावलं, उद्यापासून हा फाटा बंद.

त्या शेवटच्या सकाळी मी पुढे जाऊन विचारलं, "भाऊ, इथं काय म्हणते काठी?"

"हितं न्हाई घालत मी काठी." त्यांची नजर मागच्या रस्त्यावर होती. "जुन्नरची यष्टी हितं थांबती. ही उतरली, तर पायी जाईल व्हय घरला?"

"मग इंजिन तरी बंद करा."

"बंद गाडी बघून म्हणंल, अजून तसाच हाय. जाईल परत माघारी."

मला फार वाईट वाटलं. एस.टी. आली. एक म्हातारा उतरला, कांद्याचं पोतं उतरलं, आणि एस.टी. पुण्याकडे निघून गेली. भाऊ तिच्या धुळीकडे बघत राहिले. मग त्यांनी गिअर टाकला.

पुढे उतार आला. इंजिन बंद करायचं भाऊंच्या ध्यानातच राहिलं नाही. आम्हीही कुणी आठवण करून दिली नाही.