गांगुर्डेकाकांचा ओटा

"ताई, तुमचा ओटा किती?"

वाचनालयात पहिल्यांदाच आलेल्या बाईंना गांगुर्डेकाकांनी हा प्रश्न विचारला. बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. मी ग्रंथपाल, तेव्हा निस्तरायचं मीच. सांगितलं, काका सरकारी खात्यातले निवृत्त ड्राफ्ट्समन आहेत. स्वयंपाकघराचा ओटा किती उंच असावा, या एका विषयावरच्या पुस्तकांची सूची करताहेत. प्रत्येक पुस्तकाखाली टीप लिहितात. तसे निरुपद्रवी आहेत.

कसले निरुपद्रवी! डोक्याला ताप नुसता. सत्तरच्या दशकात नाशकात घरोघरी गॅस येत होता, जमिनीवरचा स्वयंपाक ओट्यावर चढत होता. लोकांनी ओटे बांधले, भाकऱ्या केल्या, विषय संपला. काकांचा संपेना.

टिपा तरी कशा? "लेखक विद्वान. जन्मात भाकरी थापलेली नाही." दुसऱ्या एका पुस्तकाला: "चित्रे सुरेख. चित्रातली बाई पावणेसहा फूट. आमच्या कॉलनीत अशी एकही नाही."

पिंपळगाव बसवंतला कुणाकडे तरी घरबांधणीचं जुनं पुस्तक आहे असं कळलं, तर भर उन्हात एसटीने गेले. पुस्तकात ओट्यावर ओळी तीन. त्यावर काकांची टीप दोन पानं. आणि टाइप करायची कुणी? मी!

शेवटी मुंबईच्या एका कॉलेजने सूची छापायचं कबूल केलं. मी सुटकेचा निःश्वास टाकतेय तोवर काका हजर. "थांबवा, ताई. दोन पुस्तकांत पाऊण इंचाचा फरक निघालाय. आधाराशिवाय आकडा द्यायचा नाही." असं तीनदा झालं. मग कॉलेजचं पत्र आलं, सोमवारपर्यंत पाठवा, नाहीतर राहू द्या. आणि नेमके त्याच आठवड्यात काका गायब. मी तणतणत द्वारका चौकाजवळचं त्यांचं घर गाठलं.

काकू भाकरी थापत होत्या. जेमतेम साडेचार फुटांची बाई. पायाखाली लाकडी पाट, तरी खांदे कानाला लागलेले.

"ओटा यांनीच बांधून घेतला, पुस्तकात बघून," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं झाली. मागे मी पाटावरून पडले, माझा हात मोडला. तेव्हापासून यांची ही सूची. म्हटलं, मला मोजा, ओटा फोडा, मोकळे व्हा. तर म्हणतात, एकदा चुकलो, आता सगळ्या पुस्तकांचं एकमत झाल्याशिवाय हात लावणार नाही."

माझं डोकंच फिरलं. काका दाराशीच उभे होते. "कमाल आहे तुमची, काका! पुस्तकांचं कधी एकमत होतं का? आणि काकू समोर उभ्या आहेत ना धडधडीत!"

"पुन्हा चुकलं तर?" काका म्हणाले. आवाज अगदी बारीक.

"चुकू द्या," काकू म्हणाल्या. पाटावरून उतरल्या, जमिनीवर ताठ उभ्या राहिल्या आणि पिठाचा हात कोपरात वाकवून धरला. "घ्या माप."

काकांनी खिशातून टेप काढली. काकूंजवळ गेले, आणि मापायच्या ऐवजी विचारलं, "खांदा फार दुखतो का गं?"

"दुखतो," काकू म्हणाल्या.

काका मटकन त्या पाटावरच बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. माप शेवटी मीच घेतलं.