एकाच फेरीन

जगात माणसांचे दोनच वर्ग आहेत: एका फेरीत मावणारे आणि न मावणारे. धर्म, जात, पगार, पक्ष हे बाकीचे भेद वरवरचे. हा सिद्धांत माझा नाही. तो बदलापूर गावातले माझे जुने शेजारी नामदेव भोईर यांचा आहे, आणि त्यांनी तो मला पहिल्यांदा ऐकवला तेव्हा ते ओट्यावर उभे राहून दात घासत होते.

नामाशेठ टेम्पो चालवतात. लोकांचं घरसामान हलवणं हा त्यांचा धंदा. आमच्याकडे दर अकरा महिन्यांनी भाड्याचे करार संपतात आणि अर्धं बदलापूर उरलेल्या अर्ध्या बदलापूरच्या खोल्यांत राहायला जातं. असल्या गावात टेम्पोवाल्यानं गबर व्हायला हवं. नामाशेठ झाले नाहीत, कारण ते दोन फेऱ्या मारत नाहीत.

"एकाच फेरीन," हे त्यांचं ब्रीद. आपण 'फेरीत' म्हणतो, गावातले जुने लोक 'फेरीन' म्हणतात. ते लग्नाला गेले तर नवरा-नवरीकडे नंतर बघतात, आधी मांडवाचे खांब, खुर्च्या आणि स्टेजवरचा सोफा नजरेनं टेम्पोत भरतात आणि मान हलवतात, "एकाच फेरीन नाय व्हायचा." आमच्या घरी चहाला आले की माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे असे बघतात, जणू ते कपाट मी मुद्दाम त्यांना खिजवायला घेतलंय.

एकदा एक गिऱ्हाईक आलं. दोन पलंग, सोफा, फ्रीज, वॉशिंग मशीन. नामाशेठनी सामान बघितलं आणि म्हणाले, "नाय मावनार. दुसरी गाडी बघा."

"अहो, मग दोन खेपा करा ना!"

"खेपा गाढवाला सांगा," असं म्हणून नामाशेठ निघून आले.

त्यांच्या पत्नी हिराबाई कपाळावर हात मारून घेतात. "यांनी दोन फेऱ्या मारल्या असत्या ना, तर घरावर दोन मजले झाले असते."

तर हा टेम्पो यंदा आरटीओच्या पासिंगला नापास झाला. ज्याला सगळं जग लाडानं 'छोटा हत्ती' म्हणतं, तसला तो. नामाशेठना हे नावही मंजूर नाही. "हत्ती छोटा कसा? पिल्लू बोला." पिल्लू भंगारात गेलं आणि प्रश्न उभा राहिला: पुन्हा छोटी गाडी घ्यायची, की मोठी पिकअप?

वास्तविक हा प्रश्नच नव्हता. नामाशेठच्या गल्लीत दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या की एकीला कोणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. मोठी पिकअप तिथे शिरणं अशक्य. छोटीला डिझेल कमी लागतं, छोटी कुठेही वळते. हे हिराबाईंनी सांगितलं, गल्लीनं सांगितलं, मी सांगितलं. नामाशेठ म्हणाले, "सायेब, तुमी चला माझ्यासंगती. कागदावरची मोठी अक्षरं मी वाचतो, बारीक तुमी वाचा." आणि माझे तीन रविवार गेले. मला बारीक अक्षरं वाचता येतात, हा माझा गुन्हा.

पहिल्या रविवारी आम्ही उल्हासनगरला जुन्या गाड्यांच्या एका सिंधी व्यापाऱ्याकडे गेलो. तो प्रामाणिक माणूस होता. म्हणाला, "साईं, छोटी लो. गली में घुसेगी, गली से निकलेगी. बडी घुसेगी, फिर दिवाली तक उधर ही रहेगी."

"वो सब ठीक हाय. आदमी किदर बैठेगा?"

"आदमी? साईं, माल की गाडी है. आदमी रिक्षा से आएगा."

यात रागावण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही. नामाशेठ मात्र समोर आलेला चहा तसाच ठेवून उठले आणि स्टेशनपर्यंत पुटपुटत राहिले. "आदमी रिक्षा से आएगा! आदमी रिक्षा से!"

दुसऱ्या रविवारी एका शोरूमबाहेर पाऊण तास रांगेत उभं राहून कळलं की ती रांग सर्व्हिसिंगची होती.

तिसऱ्या रविवारी अंबरनाथची एक शोरूम. हल्ली गाडी विकत घेणं हा एक धार्मिक विधी झाला आहे. गाडीवर लाल सॅटिनचं कापड, कापडावर फुगे, टेबलावर केक, आणि गिऱ्हाइकाच्या हातात त्याच्याएवढीच थर्माकोलची किल्ली. ज्या टेम्पोत उद्यापासून सिमेंटच्या गोणी भरायच्या, त्याचं अनावरण एखाद्या पुतळ्यासारखं होतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. नामाशेठनी ती किल्ली निरखली आणि मला विचारलं, "लागंल का ही?"

टाय लावलेला विक्रेता पुढे आला. "सर, कॉम्पॅक्ट सेगमेंटमध्ये ही आमची बेस्ट गाडी."

"लहान बोल ना."

"सर?"

"लहान हाय ना गाडी? मंग लहान बोल. लाज कसली?"

मग तो आम्हाला मोठ्या पिकअपकडे घेऊन गेला. हौद्याची लांबी, रुंदी, किती टन, स्प्रिंगचे किती पाटे, सगळं त्यानं पाठ म्हटलं. नामाशेठनी हौद्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ते सरळ केबिनमध्ये चढले, विक्रेत्याला मध्ये बसवलं, मला खिडकीशी, आणि दार लावून घेतलं.

"तिघं बसतान," ते समाधानानं म्हणाले. मग गिअर टाकला. "गुडघा लागतो?"

"थोडासा, सर."

"थोडासा म्हंजे कती? ऐंशी वर्षांचा गुडघा असता तर?"

"सर, ऐंशी वर्षांच्या ड्रायव्हरला लायसन्स..."

"ड्रायव्हर कोन बोलला? बसनाऱ्याचा बोलतो मी. खिडकी आवडंल का मधली जागा?"

पंधरा मिनिटं आम्ही तिघं मखरात बसल्यासारखे त्या केबिनमध्ये बसलो होतो. बाहेर टाळ्या वाजत होत्या. केक कापणाऱ्या कुटुंबानं आमचाही फोटो काढला.

परतताना माझा संयम सुटला. "नामाशेठ, तीन रविवार झाले! टेम्पो घ्यायला निघालेला माणूस हौदा बघतो. तुम्ही केबिन काय मोजताय? लोकांची कपाटं मांडीवर घेऊन बसणार आहात?"

नामाशेठ म्हणाले, "सायेब, तुमचा सामान विठ्ठलवाडीवरना मीच आनलेला."

ते मला आठवत होतं. नऊ वर्षं झाली. चाळीतली खोली सोडून आम्ही इथे आलो. सामान एका फेरीत मावेना; तेव्हा नामाशेठ दोन फेऱ्या मारायचे. छोट्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी एकच जागा, तिथे मी बसलो होतो. पत्ता दाखवायला. आई उरलेल्या सामानापाशी थांबली, दुसऱ्या फेरीत यायची होती. बदलापुरात पोचता पोचता क्लचची तार तुटली.

"उरलेला उद्या आना, घाई नाय, बोललात तुमी. मी पन हो बोललो."

"चाळीतल्या शेजाऱ्यांना फोन केला होता मी. आई त्यांच्याकडे झोपली."

"नाय झोपली. दाराचा कुलूप पहिल्याच फेरीन आपल्यासंगती आलेला. उघडा घर टाकून जानार कशी? सकाळी गेलो, तर ट्रंकेवर बसलेली, लुगडा बदलून, पिशवी मांडीवर. मना बघून बोलली, 'आलास? मला वाटलं, न्यायचं होतं तेवढं सामान गेलं.'"

नऊ वर्षांत आई मला हे एकदाही बोलली नव्हती. नामाशेठही नाहीत.

नामाशेठनी मोठी पिकअप घेतली. थर्माकोलची किल्ली हातात धरायला नकार दिला, त्यामुळे त्यांच्या फोटोत ती विक्रेत्यानं धरली आहे. गाडी गल्लीत शिरत नाही. ती तळ्यापाशी उभी असते आणि नामाशेठ रोज सकाळी तिच्याकडे चालत जातात. हिराबाई म्हणतात, "नवरा सासरी, गाडी माहेरी."

गेल्या महिन्यात आम्ही सोनिवलीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. नामाशेठ स्वतः आले. सामान तळ्यापर्यंत नेऊन चढवून झाल्यावर त्यांनी केबिनखाली एक स्टूल ठेवलं आणि आईला हात धरून वर चढवलं. खिडकीशी. मी मध्ये, गिअरला गुडघे लावून. पत्ता दाखवायची गरज नव्हती, फ्लॅट नामाशेठनी माझ्याआधी दोनदा बघून ठेवला होता.

"नामदेव, काही राहिलं का रे मागे?" आईनं विचारलं.

"नाय, आजी." त्यांनी खिशातून आमच्या दाराचं कुलूप काढून तिच्या हातात दिलं. "एकाच फेरीन."

आई ते कुलूप मांडीवर ठेवून सोनिवलीपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

सामान उतरवताना बघितलं, तर हौदा अर्धा रिकामाच होता. छोट्या गाडीतही मावलं असतं.