माजी सैनिक, स्वतः

हिरामावशींनी मला बोईसरला खोली दिली, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला चिकटवलं, आणि पहिल्या आठवड्यात घरच्या आठवणीनं रडत बसले तेव्हा "रडणं बंद! जेवण चालू!" असा हुकूमही दिला. मी परभणीकडची, सातवीत शाळा सुटलेली. इथं माझं दुसरं कोणी नव्हतं. म्हणून त्यांचं नाव आधी.

आता त्यांची स्कूटर. मागं दोन जादा चाकं, आणि पाटीवर नंबरापेक्षा मोठ्या अक्षरांत: "माजी सैनिक, स्वतः."

हे 'स्वतः' नंतर आलं. मावशी फौजेत नर्स होत्या. सीमेजवळच्या दवाखान्यावर तोफगोळा पडला, त्यात डावा पाय गेला. पण नुसतं 'माजी सैनिक' वाचून जो तो विचारी, "मिस्टर मिल्ट्रीत होते का?" पालघरला हवालदारानंही विचारलं. मावशींनी लाकडी पाय टकटक वाजवून दाखवला. "मिस्टर झालेच नाय. पाय माझा गेलाय, मिस्टरांचा नाय!"

घरी येऊन म्हणाल्या, "थकले गं सांगून सांगून. आता पाटीच सांगेल."

अक्षर बरं म्हणून ब्रश माझ्या हाती आला. रंग जरा उडाला की, "जवान, पाटी!" रात्रपाळी करून आलेली मी, डोळे मिटत असायचे. पण नाही कसं म्हणणार? खोली गेली तर?

महिन्यातून एका रविवारी त्या दातिवऱ्याला वडिलांकडे जात. परवा मलाही नेलं. निघताना घाईघाईत पाटी रंगवून घेतली. तिथं स्कूटर उलटी लावली, पाटी बरोबर ओटीकडे.

शेजारीण बोंबील वाळत घालत होती. मला हळूच म्हणाली, "जावई लढाईत गेला ना, बिचारी."

मी मावशींकडे बघितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाबांनीच सांगितलंय गावात. पोर लढाईतून पाय गमावून आली, हे कुणाला पटेना. जावई मेला, हे लगेच पटलं."

"मग ही पाटी? आजोबांना वाचता येतं?"

"नाय. पण एक दिवस विचारतील."

त्या चहा ठेवायला आत गेल्या. ओटीवर बसलेला त्यांचा म्हातारा बराच वेळ स्कूटरकडे बघत होता. मग मला म्हणाला, "पोरी, काय लिवलंय गो त्यावर?"

मी मोठ्यानं वाचलं. आतली भांडी वाजायची थांबली.

शेजारीण म्हणाली, "जावयाची गाडी ना, काका?"

"जावई कदी नव्हताच," तो म्हणाला. "फौजेत आमची पोरच व्हती." आणि उठून खांद्यावरच्या पंच्यानं त्यानं पाटी पुसली.

सकाळचा रंग ओलाच होता. 'स्वतः' पार फिसकटलं.

परतताना पालघर येईपर्यंत एकही हुकूम नाही. शेवटी मीच भीत भीत म्हटलं, "मावशी, उद्या नीट रंगवून देते."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तसंच राहू दे."

आता त्यांचा उजवा गुडघाही कुरकुरतो. मी स्कूटर शिकतेय. दोनदा गटारात गेले. पण एक दिवस मावशींना मागं बसवून दातिवऱ्याला नेईन, आणि न सांगता पाटी ओटीकडे करून लावीन. त्यांचं एवढं तरी फेडल्याशिवाय राहणार नाही.