पागेकाकांचा ओळंबा

पागेकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले ते हातात पेढ्यांचा पुडा आणि खिशात ओळंबा घेऊन. पुडा त्यांनी टीपॉयवर ठेवला आणि ओळंबा आमच्या दाराच्या चौकटीशी धरला. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला लोखंडी वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा. दोरी हलायची थांबेपर्यंत काका श्वास रोखून उभे होते. मग म्हणाले, "बेटा, तुमचं दार अर्धा इंच टावर चौकाकडे झुकलंय. घाबरू नका, पडणार नाही. पण मालूम असावं."

नवऱ्याची बँकेत बदली झाल्यामुळे आम्ही नुकतेच नाशिकहून उज्जैनला, माधव नगरात, राहायला आलो होतो. शेजार असा निघाला म्हटल्यावर मी रात्री नवऱ्याला म्हटलं, दुसरं घर बघ.

काका बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. एकटे राहायचे. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या पागेत घोडी सांभाळत, आणि काकांच्या म्हणण्यानुसार ती घोडीसुद्धा एका रेषेत उभी राहत. त्यांचं वाक्य मराठीत सुरू होई आणि हिंदीत जाऊन थांबे. टावर चौकातला पोहेवाला त्यांना लांबून पाहिलं की आपणहून दुकानाची पाटी सरळ करायचा. एका लग्नात तर मुहूर्ताला पाच मिनिटं उरली असताना काकांनी मांडवाचा खांब उपटायला लावला. गुरुजी ओरडतायत, नवरदेव घामाघूम, आणि काका शांतपणे म्हणतायत, "साहुल झूठ नहीं बोलता, पंडितजी." साहुल म्हणजे तोच ओळंबा. त्याच्यावर काकांचा जेवढा विश्वास होता, तेवढा महाकाळावरही होता की नाही, मला शंका आहे.

काम कोणाला द्यायचं, याचाही त्यांचा कायदा होता. तीन मिस्त्री बोलवायचे आणि तिघांना एकच सवाल टाकायचा, "इसमें क्या नहीं करना है?"

"काय करणार ते कोणीही सांगतो, बेटा," ते मला समजावत. "काय करायचं नाही, हे ज्याला मालूम आहे, त्याच्याच हातात थापी द्यायची."

गणपतीच्या जेवणाचा आचारीसुद्धा त्यांनी याच परीक्षेत पास करून घेतला होता. जेवण खरोखरच झकास झालं, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागलं.

मागच्या गणपतीत आमची गार्गी, वय वर्षं बारा, स्टुलावर उभी राहून मखराला माळ बांधत होती. काका तिच्या मागे उभे होते. त्यांनी सवयीने ओळंबा काढला. मला वाटलं, मखर तपासतायत. पण दोरी गार्गीच्या मानेमागे होती.

"बेटा," ते हळूच म्हणाले, "हिचा डावा खांदा उतरलाय. दोरी बीचमध्ये येत नाही."

माझं डोकंच फिरलं. "काका, माझी मुलगी म्हणजे तुमची भिंत नाही," मी म्हटलं, तेही चार पाहुण्यांसमोर. त्यांनी दोरी गुंडाळली आणि प्रसाद न घेताच गेले.

त्याच आठवड्यात मी गार्गीच्या केसांना तेल लावत होते. ती पुढे वाकली आणि मला तिच्या पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा उंच दिसली. वर्षभर मी तिला "वाकडी काय उभी राहतेस, नीट उभी राहा" म्हणून ओरडत होते. एक्स-रेत तिचा कणा दोन ठिकाणी वळलेला दिसला. याला स्कोलिओसिस म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी तशीच काकांच्या दारात गेले आणि रडले. माफी मागायची होती, ती राहूनच गेली.

"रडू नकोस," ते म्हणाले. "तीन मिस्त्री बघू."

पहिला होता नवऱ्याच्या ओळखीतला एक मालिशवाला. त्याने गार्गीची पाठ थोपटून सांगितलं, "इक्कीस मालिश में बच्ची खंभे जैसी सीधी."

"इसमें क्या नहीं करना है?" काकांनी विचारलं.

"कुछ नहीं, बाबूजी. सब मेरे ऊपर छोड़ दो."

काका चपला घालू लागले.

दुसरे मोठे सर्जन. त्यांनी एक्स-रे उजेडाकडे धरला, गार्गीकडे मात्र एकदाही पाहिलं नाही आणि ऑपरेशनची तारीख सुचवली. काकांनी सवाल टाकला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "हे कोण?"

तिसऱ्या इंदूरच्या डॉक्टरीणबाई, मुलांच्या कण्याचंच काम करणाऱ्या. त्या आधी गार्गीशीच बोलल्या. दुखतं का, नाच आवडतो का, वर्षात किती उंच झालीस. तिला पुढे वाकवून पाहिलं, मोजमापं घेतली. मग ड्रॉवर उघडला, बारीक दोरीला बांधलेलं एक छोटं वजन काढलं आणि गार्गीच्या मानेमागे धरलं.

काका खुर्चीवरून उठलेच. त्यांनी खिशातून आपला ओळंबा काढला. दोघांनी एकमेकांची हत्यारं पाहिली.

"आपका वाला भारी है," बाई हसून म्हणाल्या. "मिस्त्री हैं?"

"ओव्हरसियर. रिटायर्ड," काका म्हणाले, आणि सवाल टाकला.

बाईंनी बोटांवर मोजलं. "ऑपरेशन अभी नहीं करना है. मालिश से सीधी हो जाएगी, ये नहीं मानना है. डान्स बंद नहीं करना है. और इसको दिन भर 'सीधी खड़ी रहो' नहीं बोलना है. इसकी कोई गलती नहीं है."

मी मान खाली घातली.

उपाय होता ब्रेस. छातीपासून कमरेपर्यंत घालायचं कडक कवच, दिवसाचा बहुतेक वेळ, शाळेतसुद्धा, उंची वाढायची थांबेपर्यंत. पाठ पूर्ण सरळ होईल असं वचन त्या द्यायला तयार नव्हत्या. आणखी वाकू नये, यासाठी सगळी धडपड.

"पक्का मिस्त्री," काका जिन्यात माझ्या कानाशी पुटपुटले. पण परतताना गार्गी गाडीत रडत होती. ते कवच घालून ती शाळेत जाणार नव्हती. नवरा म्हणाला, "दोन महिने मालिश करून तर बघू. तो एकटाच पूर्ण बरी होईल म्हणतोय." खरं सांगते, मलाही तेच हवं होतं.

संध्याकाळी मी काकांना तसं सांगायला गेले. त्यांच्या घरात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाऊल टाकलं, कारण नेहमी तेच आमच्याकडे यायचे. काका चहा करायला आत गेले. भिंतीवर फोटो होते, सगळे एका रेषेत, आणि मधोमध एक चक्क तिरपा. मला आसुरी आनंद झाला. मी उठले आणि तो सरळ केला.

काका कप घेऊन आले. त्यांनी कप खाली ठेवले आणि अंगठ्याने तो फोटो पुन्हा होता तसा तिरपा केला.

"चौकट नको बघूस, बेटा. आत बघ."

कमरेपर्यंतचा फोटो होता. पस्तिशीची एक बाई, हसरी, एका अंगाला कललेली. चौकट तिरपी केल्यावर ती सरळ बसलेली दिसत होती.

"कुसुम. माझी धाकटी बहीण. बारा वर्षांची होती, गार्गीएवढीच. वडील नव्हते. कोणाला दाखवायचं, ते मलाच ठरवायचं होतं. एक मालिशवाला म्हणाला, पूरी ठीक हो जाएगी. मला तेच ऐकायचं होतं. मग मी दुसऱ्या कोणाला विचारलंच नाही." त्यांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली. "पाठ वाकतच गेली. शेवटी शेवटी तिला श्वास पुरायचा नाही. पण मला तिने एकदाही बोल लावला नाही. लावला असता, तर बरं वाटलं असतं."

चहा तसाच ठेवून मी घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं, परवा इंदूरला जायचंय, ब्रेसचं माप द्यायला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि रजेचा अर्ज लिहायला घेतला.

गार्गीने पहिले काही दिवस फार त्रासात काढले. मग हळूहळू तिला ब्रेसची सवय झाली. दिवाळीआधी काकांनी घराला रंग दिला, आणि फोटो पुन्हा लावायला ती स्टूल घेऊन गेली. काकांनी तिला आपला ओळंबा दिला. तो त्यांनी आजवर कोणाला हातात दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

कुसुमचा फोटो लावायची वेळ आली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिने चौकट सरळ लावली, जरा वेळ बघत राहिली, आणि मग कुसुमच्या कपाळावरून ओळंबा सोडला. दोरीकडे बघत तिने चौकट थोडी फिरवली, आणखी थोडी फिरवली.

"आता बसल्या नीट," ती म्हणाली. "हो ना, काका?"

"बिलकुल," काका म्हणाले. मग ते भिंतीकडे तोंड करून बराच वेळ खिळा तपासत राहिले. खिळा पक्का होता.